नक्कल ठरलेली सहा यंत्रं

त्या दिवशी सकाळी निरीक्षकांनी विणकामवर्गाच्या हॉलमधलं टेबल खिडकीपाशी ओढलं, त्याच्या चारही पायांभोवती खडूने खुणा केल्या, मग टेबलापासून मोजून चार फुटांवर जमिनीवर एक रेघ मारली आणि बायकोला म्हणाले, "या रेघेवर उभं राहायचं. पुढे नाही, मागे नाही. फोन छातीच्या उंचीवर धरायचा."

"कोणाच्या छातीच्या?" बाईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. निरीक्षकांची उंची आणि बाईंची उंची यांत वीतभर फरक. निरीक्षकांनी थोडा विचार केला आणि भिंतीवर जमिनीपासून चार फूट दोन इंचांवर आणखी एक खूण केली.

निरीक्षक आयुष्यभर वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून जाऊन तराजू तपासायचे, वजनांचे तळ उलटे करून बघायचे, खोट सापडली की नोटीस द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर तराजू सुटले. तपासणं सुटलं नाही. घरातल्या सगळ्या डब्यांवर आतला जिन्नस किती ग्रॅम आहे याच्या चिठ्ठ्या होत्या, आणि एखाद्या दिवशी चिमूटभर जास्त साखर चहात पडली तर चिठ्ठी बदलायची जबाबदारी टाकणाऱ्याची होती.

बाईंचा विणकामाचा वर्ग सव्वीस वर्षं चालला. भाड्याचा हॉल आणि त्यात हाताने चालवायची सात विणयंत्रं. यंत्र म्हणजे दोन हात लांबीची चपटी पेटी, तिच्यात ओळीने लावलेल्या दोनशे सुया. वरची मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली की स्वेटरची एक ओळ विणून होते. तयार स्वेटर स्वस्त झाले तशा वर्गातल्या बायका कमी होत गेल्या. शेवटी एकच उरली, आणि ती विणायला कमी आणि सुनेबद्दल बोलायला जास्त येत असे. मग हॉलच्या मालकाने महिनाअखेरीला जागा मागितली आणि बाईंनी वर्ग बंद करायचं ठरवलं.

यंत्रं मात्र उत्तम होती. आदल्या पंधरा दिवसांत बाईंनी प्रत्येक यंत्र उघडलं, मोडक्या टोकांच्या सुया बदलल्या, सुयांवरची झिजलेली स्पंजची पट्टी काढून नवी घातली, तेल दिलं. एवढं केलेली वस्तू चांगल्या हातात जावी एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मुलाने फोनवर जुन्या वस्तू विकायचं अ‍ॅप घालून दिलं होतं.

निरीक्षकांच्या देखरेखीखाली सातही यंत्रांचे फोटो निघाले. एकच टेबल, एकच निळी चादर, एकच उजेड, एकच अंतर. वर्णनही त्यांनीच सांगितलं आणि सातही ठिकाणी अक्षरन् अक्षर तेच लिहायला लावलं.

"अहो, थोडं वेगळं लिहू का? वाचणाऱ्याला कंटाळा येईल."

"सारख्या मालाला सारखं वर्णन. एकाला 'छान' लिहिलंस आणि दुसऱ्याला 'उत्तम', तर घेणारा विचारेल की 'छान'मध्ये काय कमी आहे. उत्तर आहे तुझ्याकडे?"

दुपारच्या जेवणाआधी सात जाहिराती लागल्या. इतक्या सचोटीच्या जाहिराती त्या अ‍ॅपने त्याआधी पाहिल्या असतील असं वाटत नाही. आणि हाच घोळ झाला.

पण तो व्हायला अजून दोन दिवस होते. त्याआधी एक चांगली गोष्ट घडली. संध्याकाळी अ‍ॅपवर निरोप आला.

"बाई नमस्कार. आम्ही तिघी जावा आहोत, मी थोरली. शाळेच्या मुलांच्या स्वेटरचं काम मिळतंय, पुढच्या महिन्यात सुरू करायचंय. तीन यंत्रं हवीत, पण अगदी एकसारखी. नाहीतर तिघींचे टाके वेगळे येतात आणि एकाच वर्गातली पोरं तीन प्रकारची दिसतात. मागच्या वेळी असंच झालं, माल परत आला. घरात मग जे काय ऐकून घ्यावं लागलं ते लागलंच."

बाई लगेच खुर्चीत सरसावून बसल्या. आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं होतं.

"दोन, चार आणि पाच नंबरची घ्या," त्यांनी लिहिलं. "त्या सख्ख्या बहिणी आहेत. तीन नंबरला जरा ताठा आहे, सात नंबर घाईची आहे. या तिघींवर विणलेलं कापड एकमेकांवर ठेवलं तर ओळीला ओळ जुळते."

"बाई, तुम्ही दुसऱ्या कुणाला देऊ नका हं. रविवारी दीर गाडी घेऊन येतील. पुढल्या वेळेला माल परत गेला तर आम्हाला पुन्हा कोणी काम करू देणार नाही. सासरे म्हणतातच, हौस पुरे झाली."

"शब्द दिला," बाईंनी लिहिलं. "ठेवलीच म्हणून समजा."

थोरलीने आपला फोन नंबर पाठवला. पण अ‍ॅपमध्ये नंबर दिसत नाही, आकड्यांच्या जागी चांदण्या दिसतात. लोकांनी बाहेरच्या बाहेर व्यवहार करू नये म्हणून ही सोय. पत्ता भेटीच्या दिवशी अ‍ॅपच देणार होतं. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गावात राहायचं तर पाटलाला विचारून राहावं, तसं हे.

तिसऱ्या दिवशी, कपडे वाळत घालताना, बाईंचा फोन वाजला.

"प्रिय विक्रेता, तुमच्या सहा जाहिराती तुमच्याच एका जाहिरातीच्या नकला असल्याचं आढळल्याने काढून टाकण्यात आल्या आहेत. बाजार सगळ्यांसाठी सुरक्षित ठेवायला मदत केल्याबद्दल आभार."

"मी कधी मदत केली?" बाई दोरीवरच्या उशीच्या अभ्र्याला म्हणाल्या.

सातातली पहिली तेवढी उरली होती. दोन, चार, पाच गेल्या. जाहिरातीला जोडलेलं थोरलीचं सगळं बोलणंही गेलं, कारण जाहिरातच नाही तर बोलणं कशाबद्दल, असा अ‍ॅपचा हिशेब होता. थोरलीला तिकडे काय दिसत असेल ते मुलाने नंतर सांगितलं: 'ही जाहिरात आमच्या नियमांत बसत नसल्याने काढली आहे. फसवणुकीपासून सावध राहा.'

निरीक्षकांनी नोटीस चष्मा पुसून दोनदा वाचली.

"हं," ते म्हणाले. "तू दोनदा दाबलं असशील."

"सहा वेळा?"

"हात कापतो तुझा कधीकधी."

"माझा हात दोनशे सुयांमधून दोरा ओढतो, कापत नाही."

"अगं, पण नोटीस आलीय म्हणजे काहीतरी असणारच. उगाच कोणी नोटीस काढत नाही. मी काढलीय का कधी उगाच?"

आणि मग निरीक्षकांनी एक गोष्ट केली जी त्यांना तेव्हा अगदी स्वाभाविक वाटली. त्यांनी चपला घातल्या, हॉलवर गेले, कुलूप उघडलं आणि यंत्रं मोजली. सात होती. खात्री करायला परत मोजली. मग घरी येऊन हात धुतले आणि म्हणाले, "सात आहेत."

बाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"तुम्ही मोजायला गेला होतात?"

"खात्री केलेली बरी."

"सव्वीस वर्षं मी तिथे रोज जातेय. सात आहेत असं मी म्हणाले, ते पुरलं नाही. फोनने एक आहे म्हटलं, तर चपला घालून बघायला गेलात."

त्या रात्री ताटातली पोळी करपलेली होती आणि निरीक्षकांनी तिचं वजन विचारलं नाही.

वाचकहो, जुन्या काळच्या गोष्टींत सुनेवर चोरीचा आळ यायचा आणि सगळं घर तिच्या पेटीची झडती घ्यायचं. आता काळ बदलला आहे. आळ लांबून येतो, गोड भाषेत येतो, आभार मानून येतो. झडती मात्र घरचीच माणसं घेतात. सुधारणा झाली ती इतकीच.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असल्याने त्याला कुठल्याही गोष्टीचं आश्चर्य वाटत नसे.

"आई, सिस्टम आहे ती. लाखो जाहिराती असतात. कोण बघत बसणार?"

"म्हणजे माझी जाहिरात कुणी बघितलीच नाही?"

"माणसाने नाही."

"मग 'आढळलं' कुणाला?"

मुलाने चहा घेतला. "ते तसं लिहायची पद्धत आहे. हे बघ, सोपं आहे. तू सगळं खरं लिहिलंस ना, म्हणून सगळं सारखं आलं. खोट्यात कशी व्हरायटी असते. एका यंत्रावर फुलांची चादर टाक, एक बाल्कनीत ठेव. एकीला लिही 'आत्याची आठवण', एकीला 'फक्त दोनदा वापरलं', एकीची कंपनीच वेगळी सांग. आमच्या ऑफिसातल्या एकाने एकच फ्रीज चार ठिकाणी लावलाय, चार बाजूंनी फोटो काढून. अजून सगळे सुरू आहेत."

"त्याच्याकडे फ्रीज एक आणि जाहिराती चार."

"हो."

"आणि माझी यंत्रं सात आणि जाहिरात एक."

"बरोबर पकडलंस," मुलगा कौतुकाने म्हणाला.

"आणि त्या तिघींनी एकसारखी मागितलीत त्याचं काय? माल परत गेला तर त्यांचं काम जातंय. त्यांना मी लिहू, की ही वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत?"

"अगं, नंतर भेटल्यावर सांग ना खरं."

"आधी खोटं बोलून बोलावून घ्यायचं आणि मग दारात खरं सांगायचं? हे मला जमणार नाही. तुला चालत असेल तर तू कर, तुझ्या आत्याच्या नावाने."

मुलाने बापाकडे पाहिलं. बाप छताकडे बघत होता.

बाईंनी मग अ‍ॅपमधल्या 'मदत हवी आहे?' या खिडकीवर बोट ठेवलं. आतून लगेच कोणीतरी बोलायला लागलं.

"नमस्कार! मी तुमचा मदतनीस. काय मदत करू?"

"माझी सात यंत्रं वेगवेगळी आहेत, फक्त दिसायला सारखी आहेत."

"समजलं! तुम्हाला सारखी यंत्रं विकत घ्यायची आहेत का?"

"नाही. विकायची आहेत."

"छान! जाहिरात कशी लावायची ते इथे बघा."

"लावली होती. तुम्ही काढलीत."

"जाहिरात काढायची असेल तर लाल चौकोनावर बोट ठेवा."

"तिथे कोणी माणूस आहे का?"

"मी सदैव तुमच्या सेवेत आहे! तुमचं समाधान झालं का?" आणि खाली दोन चेहरे आले, एक हसणारा आणि एक जास्त हसणारा.

"माझ्या चुलतसासूबाई अशाच होत्या," बाई फोन ठेवत म्हणाल्या. "ऐकायचं काही नाही, पण बोलणं कसं मधात बुडवलेलं."

आता निरीक्षक पुढे झाले. त्यांचं म्हणणं असं, की पुरावा दिला की प्रश्न मिटतो. ते हॉलवर जमिनीवर आडवे झाले, प्रत्येक यंत्राच्या पोटाखालच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक भिंगातून वाचला आणि त्याचे फोटो काढले. सात पत्रे, सात क्रमांक, शेवटचे दोन आकडे निरनिराळे. मग त्यांनी स्वतःच्या हाताने सहा जाहिराती पुन्हा लावल्या, प्रत्येकीत क्रमांक घातला, शेवटी 'तपासून पाहावे ही विनंती' असं लिहिलं आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

चार सेकंदांत उत्तर आलं. घड्याळ त्यांच्या हातात होतं म्हणून आकडा नक्की सांगता येतो.

"आम्ही तुमचं प्रकरण काळजीपूर्वक तपासलं आहे. काढलेल्या जाहिराती पुन्हा लावल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम आहे. या निरोपाला उत्तर देऊ नये."

निरीक्षकांनी फोन जवळ नेला, लांब नेला, वरचा मजकूर खाली सरकवला, खालचा वर सरकवला.

"काय शोधताय?"

"सही."

"नाहीये."

"नाव तरी असेल. हुद्दा. कचेरी. सुनावणीची तारीख." त्यांचा आवाज चढत गेला. "चार सेकंद! अगं, एक साधा तराजू तपासायला मला वीस मिनिटं लागायची. पारडी उतरवायची, काटा बघायचा, वजन इकडून तिकडे टाकून बघायचं. आणि नोटीस दिली की खाली माझं नाव. दुकानदार तावातावाने भांडायला यायचा, आई-बहीण काढायचा, पण मी तिथे असायचो! खुर्चीत! कितीदा त्याचंच बरोबर निघायचं, मग मी नोटीस मागे घ्यायचो. याला कुठे जाऊन शिव्या द्यायच्या?"

"मला माहीत होतं, सात आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या.

निरीक्षक थांबले. चष्मा काढला.

"मी मोजायला जायला नको होतं," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी मागे घेतलेली ही पहिली नोटीस होती.

रविवार आला आणि गेला. थोरलीचे दीर गाडी घेऊन कुठे गेले असतील, गेले तरी असतील का, हे कळायला मार्ग नव्हता. बाईंना तिचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. नंबराच्या जागी चांदण्या होत्या. मुलाने आपल्या खात्यावरून जाहिरात लावून बघितली. फोटो ओळखून ती दोन तासांत गेली आणि त्याचंही खातं थांबलं. तेव्हा मात्र त्याला आश्चर्य वाटलं. "पण मी काय केलं?" असं तो तीनदा म्हणाला.

बाईंनी ओळखीत विचारलं, दुकानांच्या फळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. विणयंत्र म्हणजे काय हेच आता कुणाला माहीत नव्हतं. एकीने विचारलं, "यावर गाणी वाजतात का?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हॉलच्या दारात भंगारवाला आला.

"चालू आहेत का ही?" त्याने विचारलं.

"सगळी चालू आहेत. नवी स्पंजपट्टी घातलीय, सुया बदलल्यात."

"चालू असली तरी किलोवरच जातील, बाई. मला लोखंड लागतं." मग त्याने बोट उचललं. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सात आहेत ना?"

बाई आणि निरीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणा तिऱ्हाइताने डोळे वापरले होते, आणि तोच ती फोडणार होता.

"चार न्या," बाई म्हणाल्या.

"आणि ही तीन?"

"ती दिलेली आहेत."

"कोणाला? इथेच तर आहेत."

"शब्द दिलाय."

"आई," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "घरात ठेवणार कुठे? त्या बायकांनी एव्हाना तुला लबाड म्हणून सोडून दिलं असेल. तू त्यांच्यासाठी अडून बसतेस, आणि त्यांना पत्ताही नाही."

"म्हणूनच ठेवायचीत. मी लबाड नाही, एवढं दाखवायला माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

एक, तीन, सहा आणि सात हातगाडीवर चढली. तीन नंबरची मूठ खडखडली. तिचा ताठा शेवटपर्यंत गेला नाही. पहिल्याच वळणावर भंगारवाल्याने तिच्यावर एक जुनी बादली ठेवलेली बाईंनी पाहिली आणि त्या आत निघून आल्या. उरलेली तीन यंत्रं निरीक्षकांनी स्वतः उचलून घरी आणली, एका वेळी एक. दोन त्यांच्या पलंगाखाली गेली, एक कपाटाच्या माथ्यावर.

मग निरीक्षकांनी त्यांना येत होतं ते केलं. अ‍ॅपच्या नियमांच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, कंपनीचा पत्ता होता. त्या पत्त्यावर त्यांनी रेघांच्या कागदावर रीतसर नोटीस पाठवली, पोच मागून. आपण एक जाहिरात खरी आणि सहा नकला ठरवल्या त्याची सुनावणी पुढच्या मंगळवारी अकरा वाजता निम्नलिखित पत्त्यावर ठेवली आहे, आपली बाजू मांडण्यास यावे, चहा मिळेल. खाली नाव, हुद्दा (निवृत्त) आणि सही.

पोच आली. मंगळवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जेवणाच्या टेबलाशी तीन खुर्च्या मांडल्या. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. समोरची खुर्ची रिकामीच राहिली. निरीक्षकांनी कागदावर लिहिलं, 'प्रतिपक्ष गैरहजर.' मग बायकोकडे वळून म्हणाले, "आपलं म्हणणं सांगा."

"मला अहोजाहो?"

"सुनावणी आहे."

बाईंना आधी हसू आलं. मग त्या सांगायला लागल्या, आणि एक तास सांगत राहिल्या. कुठलं यंत्र कुठल्या वर्षी आलं, कुठल्या यंत्रावर कोण शिकलं, सहा नंबरवर एका बाईने सातव्या महिन्यापर्यंत बसून बाळाचं सगळं विणलं, पाच नंबरच्या एकशे बाराव्या सुईला नेहमी दोरा अडकायचा आणि तो का अडकायचा. निरीक्षक एकदाही मधे बोलले नाहीत. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाचं ऐकावं तसे ऐकत होते.

आदेश त्यांनी दुपारी लिहिला. चार ओळींचा होता. 'यंत्रे सात होती. प्रत्यक्ष पाहून आणि ऐकून खात्री केली. विक्रेती खरी बोलते. चार यंत्रांचे नुकसान आता भरून येणार नाही.' सही करून तारीख घातली, आणि पेन हातात धरून बसले.

"पण हा पाठवायचा कोणाला?" ते म्हणाले. "त्यांना वाचायचं नाही, आणि ज्यांनी वाचायला हवा त्यांचा पत्ता नाही."

बाईंनी कागद ओढून घेतला, त्याच्या पाठीमागे स्वतःच्या अक्षरात काही लिहिलं आणि म्हणाल्या, "पेपरात द्या. पुरवणी पुष्कळ घरांत जाते. डब्याखाली घालायला का होईना, उघडतात."

म्हणून ही हकिगत इथे आली. तुमच्यापैकी कुणाची वस्तू, कुणाचं नाव, कुणाचा शब्द अशाच कुणी चार सेकंदांत खोटा ठरवला असेल, तर आधी घरातल्या माणसाचं ऐका. चपला मागाहून घाला. आणि बाईंनी कागदामागे लिहिलेलं जसंच्या तसं खाली देत आहोत. ते तुमच्यासाठी नाही. पण तुमच्या ओळखीत शाळेचे स्वेटर विणायला निघालेल्या तिघी जावा असतील, तर वाचून दाखवा. बाईंचा पत्ता पेपरच्या कचेरीत ठेवला आहे.

"थोरल्या बाई, मी फसवलं नाही. तुमचं बोलणं त्यांनी पुसलं, माझं खातं बंद केलं. दोन, चार आणि पाच माझ्या घरी आहेत, दर रविवारी तेल देते. कालच तिन्हींवर वीतभर कापड विणून एकमेकांवर ठेवलं. ओळीला ओळ जुळते. एकसारखी आहेत, आणि तीन आहेत."